पडद्याची दुमड

आमच्या घरात जुनं काही अडलं की माझ्याकडे येतात. कोणत्या वर्षी नळ फुटून खालच्यांचं छत भिजलं, धाकट्या जावेच्या भावाचं लग्न मोडलं तेव्हा कोण कोण बैठकीला होतं, सगळं मला विचारतात. नात म्हणते, आजी असली की फोन उघडावा लागत नाही. मीही फुशारून तारीख सांगते, वार सांगते, त्या दिवशी कुणाच्या अंगावर काय होतं तेसुद्धा सांगते. लोकांना कौतुक वाटतं. मला मात्र त्या कौतुकात दर वेळी काहीतरी टोचतं. कारण माझ्या आठवणीची खरी गरज एकदाच पडली होती, आणि तेव्हा मी 'आठवत नाही' म्हणाले होते.

मी मंडळात एकतीस वर्षं नोकरी केली. मंडळ म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. मनाच्या आजारामुळे ज्याला काम करणं अशक्य झालंय त्याला कामातून सूट आणि दरमहा आधार मिळावा की नाही, हे तिथे ठरायचं. आतल्या खोलीत तिघांची समिती बसायची. बाहेर लांबोडकी खोली, भिंतीला टेकून दोन बाकं, समोर खिडकी आणि खिडकीपाशी माझं टेबल. फरशीला लावायच्या मेणाचा वास, टाइपरायटरची टकटक, दुपारी चारला बाकांवर येणारं तिरपं ऊन. खोटं कशाला बोलू, ती खोली मला अजून आवडते. घरी मी कुणाची तरी सून होते, कुणाची तरी आई होते. तिथे मी मी होते.

समितीचे प्रमुख एक डॉक्टर होते. खिशात कायम पेपरमिंट, बोलणं हळू, कधी कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. बाकाची नोंद ही त्यांचीच कल्पना. ते म्हणायचे, आत आलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. कुणी मुद्दाम रडतं, कुणी लाजेपोटी हसतं. बाहेर बाकावर बसलेला असतो तो खरा माणूस. म्हणून प्रत्येकाला ठरल्या वेळेच्या दोन तास आधी बोलवायचं आणि नुसतं बसवून ठेवायचं. त्या दोन तासांत तो काय करतो ते मी एका फिक्या हिरव्या कागदावर लिहायचं. वेळेवर आला का, केस विंचरलेले आहेत का, शेजारच्याशी बोलतो का, हाताला काही काम घेतो का. शेवटी दोन ओळींची मोकळी जागा. बाकावरच्या माणसाला यातलं काही माहीत नसायचं. तो समजायचा, आपण वाट बघतोय.

या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. टाइप करता करता मला सगळं दिसायचं. आमचे शिपाईमामा मला दुर्बीण म्हणायचे. सकाळी चहा ठेवताना विचारायचे, "काय दुर्बीणबाई, आज चंद्रावर कोण कोण दिसतंय?" मी वरवर रागवायचे आणि आतून सुखावायचे. एकदा एक बाई आली होती. तिची मुलगी सांगत होती की आईला कशाचं भान राहत नाही. उठताना त्याच बाईने मुलीला आठवण करून दिली, छत्री राहिली बघ. मी ती छत्री कागदावर लिहिली. त्या बाईला आधार नाकारला गेला. छत्रीमुळे की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही.

आमची एक मोठी चूक होती, आणि तिथे एकतीस वर्षं बसून ती मला दिसली नाही. सरकारी कचेरीत जायचं म्हणून लोक आपल्या आजारी माणसाला पहाटे उठवून आंघोळ घालायचे, दाढी करायचे, इस्त्रीचे कपडे चढवायचे. चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून बजावायचे, नीट बस, हसू नकोस, हात चाळवू नकोस. तो बिचारा दोन तास जीव मुठीत धरून नीट बसायचा. मी लिहायचे, नीटनेटका, शांत बसतो.

तो कापणारा आला तो असाच. मी त्याला कापणाराच म्हणेन, कारण त्याचं काम तेच होतं. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तो एकोणीस वर्षं कापडाच्या टेबलावर होता. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि सगळे थर एकदम कापायचे. पंचेचाळिशीचा माणूस, बारीक, हात मात्र शरीराच्या मानाने मोठे. बायको बरोबर होती. त्याला बाकावर बसवून ती माझ्या टेबलाशी आली आणि खालच्या आवाजात सांगायला लागली. एक दिवस थर अंथरले होते, आखणी झाली होती, आणि हा कात्री हातात घेऊन सकाळपासून जेवणाची घंटा होईपर्यंत तसाच उभा राहिला. हलवला तर हलेना. घरी आणल्यावर एवढंच म्हणाला, एकदा कापलं की परत जोडता येत नाही. तेव्हापासून त्याच्याकडून काहीच कापलं जात नाही. पाव कापत नाही. पाकीट फोडत नाही. नखंसुद्धा तीच कापते, आणि कापताना तो भिंतीकडे तोंड करून बसतो.

मी म्हटलं, "हे सगळं आत सांगा." बाकाच्या नोंदीत नातेवाइकांचं बोलणं धरायचं नाही असा नियम होता.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की एका दाखल्याची नक्कल राहिली आहे. ती करून आणायला ती खाली, लांबलचक रांगेत उभी राहायला गेली, जाताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, इथेच बसा हं. बाई आहेत समोर."

बाई होत्याच समोर.

त्या आठवड्यात माझ्या खिडकीला नवीन पडदा लागला होता. ज्याला काम दिलं त्याने माप घेतलं की नाही कोण जाणे, पडदा चांगला हातभर लांब होता आणि फरशीवर लोळत होता. शिपाईमामा त्यात पाय अडकून ट्रेसकट पडता पडता वाचले होते, म्हणून त्यांनी खाली एक मोठी गाठ मारून ठेवली होती. कापणारा पाच-दहा मिनिटं त्या गाठीकडे बघत होता. कुणाच्या तरी गळ्याला फास बसलाय असं बघावं, तसं. मग उठून माझ्याजवळ आला.

"बाई, पडदा लांब आहे."

"आहे खरा."

"करू का?"

मी हो म्हटलं. कागदावर लिहायला काहीतरी मिळणार या आनंदात म्हटलं. तो 'हो' मला अजून ऐकू येतो.

त्याने शर्टाच्या कॉलरखालून सुई काढली. तिला राखाडी दोरा गुंडाळलेला होता. गाठ सोडली, हाताने सुरकुत्या मोडल्या, पट्टी न घेता नुसत्या बोटांनी मापून पडदा दुमडला आणि फरशीवर मांडी घालून शिवायला बसला. तासभर त्याने मान वर केली नाही. मी कामाच्या निमित्ताने दोनदा उठून बघून आले. टाके बाहेरून दिसत नव्हते, आतून एकासारखा एक. चेहरा इतका निवांत होता की मला वाटलं, याला काय झालंय? हा तर माझ्यापेक्षा सुखी दिसतो.

टोकाला पोचल्यावर त्याने गाठ मारली आणि थांबला. सुई एका हातात, सुईपासून पडद्यापर्यंत वीतभर दोरा. तो दोऱ्याकडे बघत बसला. मला आधी वाटलं, दमला असेल. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. त्याच्या कपाळावर घाम आला. माझ्या टेबलावर कात्री होती, हाताशी. ती त्याने बघितली आणि नजर काढून घेतली. शिपाईमामा आले, त्याच्याकडे बघून माझ्याकडे बघितलं आणि कोपऱ्यात उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटं तो तसा बसला होता. बायको नक्कल घेऊन वर आली तेव्हा शिपाईमामा तिला हळूच म्हणाले, चाळीस मिनिटं झाली, असेच बसलेत. तिने बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "बाई, कात्री असेल तर..." आतून त्यांचं बोलावणं आलं होतं, मला घाई होती. मी उठले आणि कागद कापायच्या कात्रीने दोरा कचकन कापला. त्याने डोळे गच्च मिटले. मग श्वास सोडला आणि म्हणाला, "आभारी आहे."

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू.

ते आत गेल्यावर मी दोन ओळी लिहिल्या. 'स्वतःहून पडद्याची दुमड घातली. तासभर सलग काम, टाके एकसारखे, हात स्थिर, चेहरा समाधानी.' दोन ओळी भरल्या. दोऱ्याचं लिहायला जागा उरली नव्हती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. कागदाला मागची बाजू असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला ही गोष्ट रंगवून सांगितली. हातात चमचा धरून, डोळे मोठे करून, कापणारा कसा बसला होता ते करून दाखवलं. नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. म्हणाले, "म्हणजे तू नसतीस तर तो अजून तिथेच असता की!"

आधार नाकारला गेला. निकालात लिहिलं होतं की अर्जदार हाताने बारीक काम सलग करू शकतो, सबब कामास योग्य. महिनाभराने बायकोने अपील केलं. अपिलाला वरच्या कचेरीतून एक अधिकारी बाई आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्या दिवशी मलाही आत बोलावलं, कारण सगळा निकाल माझ्या दोन ओळींवर उभा होता. डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली. म्हणाले, "आमच्या बाई. यांच्या नजरेतून काही सुटत नाही. यांनी लिहिलं म्हणजे तेवढंच घडलं, कमी नाही, जास्त नाही."

माझे कान गरम झाले. एवढ्या वर्षांत त्यांनी परक्या माणसासमोर माझं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं.

कापणारा खुर्चीत खाली मान घालून बसला होता. या वेळीही दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. बायको उभी राहून बोलली. ती म्हणाली, ह्यांना शिवता येतं, कोण नाही म्हणतंय. पण कारखान्यात ह्यांना शिवायला ठेवलेलं नाही, तिथे ह्यांचं काम कापायचं आहे. आणि शिवायचे दोरेसुद्धा घरून मी तोडून देते, सुईला गुंडाळून, म्हणून शिवता येतं. मग तिने माझ्याकडे बोट केलं.

"ह्या बाईंना विचारा. चाळीस मिनिटं हे दोरा धरून बसले होते. शेवटी बाईंनीच कापला, स्वतःच्या कात्रीने."

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असं झालं होतं का?"

डॉक्टर पेपरमिंट चघळायचे थांबले. ते माझ्याकडे बघून थोडं हसत होते, यात काही तथ्य नाही हे माहीत असल्यासारखं. बायकोही माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. मी तिथे होते, मी बघितलं होतं, मी सांगणार.

मी म्हणाले, "आठवत नाही."

मला कुणाची भीती नव्हती. हो म्हटलं असतं तर नोकरी गेली नसती, कुणी जाब विचारला नसता. फार तर डॉक्टर म्हणाले असते, हे लिहायला हवं होतं. मी कशासाठी खोटं बोलले, तर तेवढं वाक्य ऐकावं लागू नये म्हणून. पाच मिनिटांपूर्वी माझ्या नजरेतून काही सुटत नव्हतं. ते मला आणखी थोडा वेळ तसंच राहायला हवं होतं.

बायको खाली बसली. ती भांडली नाही. कापणाऱ्याने मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी घरी नवऱ्याने सहज विचारलं, आज ते अपील होतं ना, तुझ्या त्या दोरेवाल्याचं? मी म्हटलं, कोण दोरेवाला? त्यांनी दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि पेपर उचलला. पुढे कधी विषय काढला नाही. शिपाईमामांनी मात्र दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हटलं, "मॅडम, चहा." त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत मला मॅडमच म्हणाले. दुर्बीण परत कधी ऐकू आली नाही.

कापणाऱ्याला कामावर हजर व्हावं लागलं. पुढचं मला फायलीतून कळलं, कारण फाईल फिरून माझ्याच टेबलावर आली. तो पाच आठवडे कारखान्यात गेला. रोज टेबलाशी उभा राहायचा, लोक टिंगल करायचे, वरचा माणूस ओरडायचा. पाचव्या आठवड्यात त्याने कात्री चालवली. एकदा चालवल्यावर थांबवली नाही. आखणी कुठे, तो कुठे. सगळे थर, शेजारच्या टेबलावरचं कापड, शेवटी स्वतःची बाही आणि बाहीच्या आतला हात. तो अकरा महिने दवाखान्यात होता. मग मंडळाने त्याला आधार मंजूर केला. या वेळी त्याला बाकावर बसवलं नाही. कागद दवाखान्यातच गेले आणि तिघांच्या सह्या होऊन आले. हिरवा कागद कोराच होता. मी त्यावर 'लागू नाही' असं टाइप केलं.

तेव्हाच त्यांच्या घरी जायला हवं होतं. मी गेले नोकरी संपल्यावर, दुसऱ्या वर्षी, नवरा वारल्यावर. पत्ता शोधावा लागला नाही. तो माझ्या डोक्यात होताच, घर क्रमांकासकट.

दार बायकोने उघडलं. केस पिकले होते. मला बघून तिने ओळख विचारली नाही.

"या," म्हणाली. "उशीर केलात."

दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट व्रण. त्याच्या कॉलरकडे माझी नजर गेली तेव्हा बायको म्हणाली, नाही, सुई आता नसते. दवाखान्यात दाखल करताना काढून घेतली. घरी आल्यावर मी दिली परत, पण यांनी घेतली नाही. शिवण सुटली ती सुटलीच.

हे मला फायलीत सापडलं नव्हतं. त्याला जे येत होतं, ज्याने तो तासभर सुखी झालेला मी बघितला होता, तेही गेलं होतं.

मी पाठ करून गेले होते ते सांगायला लागले, आणि पाठ केलेलं काही आलं नाही. एवढंच म्हणता आलं की त्या दिवशी मला आठवत होतं. सगळं. चाळीस मिनिटं, कात्री, त्यांनी डोळे मिटले ते.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचा चेहरा बघून कळलं होतं. खोटं बोलायची सवय नव्हती तुम्हाला." मग खिडकीकडे मान वळवून, "हे मला घरी येताना म्हणाले, बाई घाबरल्या असतील गं. मी म्हटलं, त्यांना कशाची भीती? तर म्हणाले, असेल काहीतरी, आपल्याला काय माहीत."

यापेक्षा तिने मला दारातून हाकललं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांना माफ करा म्हणणार होते. ते शब्द तोंडाशी आले आणि मला कळलं की तेही मी माझ्यासाठीच मागायला आले आहे. मी माफी मागितली नाही. बायकोने चहा विचारला नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

मग तो बोलला. आवाज खोल, वापर नसल्यासारखा.

"पडदा धुतला का कधी?"

मी म्हटलं, "दर वर्षी."

"आटला?"

"पहिल्या धुण्याला आटला. दोन बोटं."

"मग बरोबर बसला असेल. दोन बोटं जास्त सोडली होती." त्याने हाताची दोन बोटं जुळवून बघितली. "आहे अजून?"

मंडळ नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुनं सामान तिथेच टाकलं होतं. सामान हलवायच्या शेवटच्या दिवशी मी तो पडदा बघितला होता. सफाईवाल्या बाईने तो फरशी पुसायला घेतला होता, ओला, काळा, बादलीच्या काठावर टाकलेला. मी थांबून बघितला होता आणि पुढे गेले होते. आता तो दोन बोटं तशीच वर धरून माझ्याकडे बघत होता. मला आठवत नाही म्हणणं फार सोपं होतं. या वेळी त्यात कुणाचं नुकसानही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "शेवटी फरशी पुसायला घेतला. पार चिंधी झाली होती. पण मी बघितलं तेव्हा दुमड सुटली नव्हती."

त्याने मान हलवली आणि बोटं खाली घेतली. बायको उठून आतल्या खोलीत गेली, आणि मी जाईपर्यंत बाहेर आली नाही.